शेवटी लागणारी पट्टी आधी ठरवा

कपाटाचं काम संपत आलं की सुतार घरमालकाला हमखास विचारतो, "पट्टी कोणती मारायची?" तोवर प्लायचा सांगाडा उभा राहिलेला असतो, दारं बसलेली असतात, सनमायका चिकटलेला असतो आणि बाजूला काढलेले पैसे बहुतेक संपलेले असतात. काम एकदाचं आटोपावं आणि घर मोकळं व्हावं, एवढंच घरातल्या सगळ्यांना हवं असतं. मग कुणीतरी जवळच्या दुकानातून समोर दिसेल ती बीडिंग घेऊन येतं. ती दारांवर लागते आणि पुढची कित्येक वर्षं रोज डोळ्यांसमोर राहते. या प्रश्नाची वेळ बदलावी, यासाठी हे पुस्तक आहे. जी पट्टी सर्वांत शेवटी लागते ती सर्वांत आधी ठरवायला हवी, कागदावर कपाटाची पहिली रेघ ओढतानाच. पुढच्या प्रत्येक प्रकरणामागे हा आग्रह आहे. तो का धरला, ते या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

पट्टी म्हणजे सजावट, असं आपण धरून चालतो आणि म्हणूनच तिला शेवटची जागा मिळते. प्रत्यक्षात ती आधी काम करते आणि मग शोभते. प्लाय कापला की त्याचे थर उघडे पडतात. त्यांतून ओल शिरते आणि सनमायक्याची धार बोटांना लागते. ती कड लाकडी लिपिंगने किंवा एज बँडने झाकावी लागते. दुसरं काम फटीचं. भिंत क्वचितच ओळंब्यात असते, स्लॅब क्वचितच पातळीत असतो, कपाट मात्र गुण्याला धरून बनतं. या दोन्हींमधला फरक कुठेतरी मुरवावा लागतो आणि तो पट्टीत मुरतो. तिसरं काम मार झेलण्याचं. झाडू, ओला पोछा, खुर्चीचा पाय, लहान मुलाची सायकल हे सगळं कपाटाच्या तळाला आणि कोपऱ्यांना लागतं. तिथली पट्टी खराब झाली तर बदलता येते, कपाट बदलता येत नाही. चौथं काम उजेडाचं. सपाट दारावर उजेड एकसारखा पसरतो आणि नजर घसरून जाते. त्याच दारावर उंच-खोल रेघ आली की तिच्या एका बाजूला उजेड धरतो, दुसऱ्या बाजूला सावली पडते आणि दाराला आकार येतो. ही चारही कामं कपाटाच्या मापांशी बांधलेली आहेत. मापं ठरून गेल्यावर पट्टी आणली तर ती उरलेल्या जागेत कशीबशी बसवावी लागते.

हे पुस्तक उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये बसून लिहिलं आहे. त्याला कारण या शहराचा लाकडाशी आणि अपुऱ्या जागेशी असलेला जुना संबंध. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने याच छावणीत जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं. छावणीचे पाच भाग आजही कॅम्प १ ते ५ म्हणून ओळखले जातात आणि जुन्या पत्त्यांत बराकीचा नंबर अजून लिहिला जातो. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी आडोसे घालून कुटुंबांमध्ये वाटल्या गेल्या. एका खोलीत स्वयंपाक, झोप, देव, मुलांचा अभ्यास आणि पुष्कळदा धंदाही. अशा घरात कुलूप लागणारं कपाट गरजेचंच होतं, आणि दर्शनी भिंतीला तेच उभं असल्यामुळे घराची शोभाही त्याच्यावरच अवलंबून होती.

या लोकांनी नजर मात्र सिंधहून सोबत आणली होती. सिंधी घरातला लाकडी झोपाळा, पींघो, ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती ओळखता येईल. हाला गावच्या कारागिरांनी खरादावर फिरवलेले त्याचे खांब म्हणजे एकावर एक रचलेले मणी, वाट्या आणि कडी, वर लाखेचे लाल, पिवळे, काळे पट्टे. सावंतवाडीचं लाखकाम माहीत असलेल्या कोकणी माणसाला त्यात परकं काही वाटणार नाही. लाकडाला फुगवटा दिला आणि त्याच्याशेजारी खोलगट रेघ ठेवली की रंग न लावताही ते बोलकं होतं, हे दोन्हीकडच्या कारागिरांना ठाऊक होतं.

आज उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कल्याण, अंबरनाथ, बदलापूरच नव्हे तर थेट मुंबईहूनही लोक येतात. नव्या घराची किल्ली हातात आली की बदलापूरचं कुटुंब आधी इथे एक फेरी मारतं. काम करणारा सुतार बऱ्याचदा उत्तर प्रदेश, बिहार किंवा राजस्थानातून आलेला असतो, दुकानदार सिंधी असतो, गिऱ्हाईक मराठी असतं. गुण्या, रंधा, गोला, गलता, पताम हे शब्द तिघांनाही चालतात. पुस्तकात तेच ठेवले आहेत, म्हणजे पान उघडून सुताराला दाखवता येईल आणि दुकानात जाऊन मागताही येईल.

पट्टीचं शास्त्र शिकायला मात्र बाजाराच्या आधी अंबरनाथला जावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीच्याच काठी, थोडं वरच्या अंगाला, शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर उभं आहे. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. भूमिज शैलीतलं हे मंदिर लोक मूर्तींसाठी पाहतात. सुताराने आणि घर सजवणाऱ्याने त्याच्या पायथ्याचे आडवे थर पाहावेत. मंदिरशिल्पाच्या परंपरेत अशा प्रत्येक थराला नाव आहे: खालचा उतरता, जड जाड्यकुंभ, त्यावर धारदार कणी, कीर्तिमुखांची ग्रासपट्टी आणि दोन थरांना वेगळं करणारी खोल खाच म्हणजे अंतरपत्र. काळ्या पाषाणाला रंग नाही, झिलई नाही. सगळी शोभा उजेड आणि सावली यांच्यावर उभी आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात जे थर कापल्यासारखे स्पष्ट दिसतात तेच भर दुपारी सपाट होतात. दिवसाच्या दोन वेगळ्या वेळी जाऊन हा फरक स्वतः पाहावा.

त्या पायथ्याकडून कपाटासाठी तीन गोष्टी घेता येतात. पहिली, जड आकार खाली, नाजूक वर. तळाची पट्टी रुंद आणि साधी, माथ्याची अधिक रेषांची, ही वाटणी डोळ्याला पटते, कारण वजन खाली बसलेलं दिसतं. दुसरी, एकसारखे दोन आकार शेजारी ठेवायचे नाहीत. गोलाशेजारी सपाट, सपाटाशेजारी खाच, खाचेनंतर पुन्हा फुगवटा; आकार बदलला की सावली बदलते आणि रेघ वाचता येते. तिसरी सर्वांत मोलाची. हे थर मागाहून चिकटवलेले नाहीत. ज्या दगडांवर भिंत उभी आहे त्यांतच ते घडवलेले आहेत, म्हणजे भिंतीचा आराखडा आणि थरांचा आराखडा एकच होता. घरच्या कपाटाला एवढी एकरूपता आणता येणार नाही, पण आराखडा एक ठेवणं आपल्या हातात आहे.

बाजारात पट्ट्यांचे शेकडो नमुने दिसतात आणि माणूस गोंधळून जातो. खरं पाहता मूळ आकार मोजकेच आहेत. बाहेर फुगलेला गोला, त्याचाच चौथा भाग म्हणजे पावगोला, आत खोलगट गलता, काटकोनी पायरी, तिरपा उतार, आणि गोला व गलता एका ओघात जोडून झालेलं नागमोडी वळण. ग्रीक-रोमन इमारतींपासून पेशवाईतल्या वाड्यांपर्यंत आणि १९३०-४०च्या दशकांतल्या मरीन ड्राइव्हच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत याच आकारांच्या जुळण्या आहेत. गोल्यावर उजेड हळूहळू मावळतो, म्हणून तो सौम्य दिसतो. गलत्यात सावली साठते, म्हणून तो खोल दिसतो. पायरीवर उजेड-अंधाराची सीमा धारदार असते, म्हणून ती कडक, आधुनिक वाटते. दुकानात नमुन्याच्या नंबरावर न जाता तुकड्याचं कापलेलं तोंड पाहायची सवय लावली, तर कोणतीही पट्टी भिंतीवर कशी दिसेल ते घरी जाण्याआधीच कळू लागतं.

यानंतर जागेचा विचार. माथ्याची पट्टी, म्हणजे कॉर्निस, नेहमी खालून दिसते. म्हणून तिथे गलता किंवा नागमोडी वळण खुलतं, कारण त्याचा दर्शनी भाग खाली झुकलेला असतो. साधारण सात फुटी कपाटाला अडीच-तीन इंचांची, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटांना दीड-दोन इंचांची कॉर्निस पुरते. आपल्याकडच्या नव्या इमारतींत खोलीची उंची बहुधा राष्ट्रीय बांधकाम संहितेने घालून दिलेल्या किमान २.७५ मीटरच्या, म्हणजे नऊ फुटांच्या आसपास असते, आणि त्यातही कपाटाच्या डोक्यावर बीम उतरलेला असतो. माळ्यासकट कपाट थेट स्लॅबपर्यंत नेलं तर जड कॉर्निस खोली आणखी बुटकी करते. तिथे दीड इंचाची सपाट पट्टी आणि स्लॅबच्या खाली आठ-दहा मिलिमीटरची मुद्दाम सोडलेली खाच अधिक चांगली. ती खाच म्हणजे आपलं अंतरपत्र. स्लॅब थोडा वाकडा असला तरी तिच्या सावलीत ते लपून जातं.

दारावरच्या पट्टीचा हिशेब सर्वांत नाजूक, कारण दार हलतं. आजच्या कपाटांना ३५ मिलिमीटर वाटीचा ऑटो हिंज लागतो. दार उघडताना त्याची बिजागरीकडची कड शेजारच्या दाराजवळून फिरते. पट्टी अगदी कडेला आणि आठ मिलिमीटर उंच असेल तर दारं एकमेकांना घासतात. म्हणून उठावाची पट्टी कडेपासून अडीच-तीन इंच आत घ्यावी. डोळ्यालाही ती तिथेच भरदार चौकट वाटते. सरकत्या दारांत दोन दारांमधली फट फारच कमी असते. आतल्या दाराला उठावाची पट्टी चालतच नाही, तिथे राऊटरने कोरलेली खाच किंवा दारात बुडवून बसवलेली धातूची टी पट्टी वापरावी. हँडल कुठे येणार तेही याच वेळी ठरवावं. हँडलचं भोक पट्टीच्या वळणावर आलं तर हँडल कधीच नीट टेकत नाही. ड्रॉवरच्या बाबतीत एक इशारा. दारावर अडीच इंची चौकट शोभते म्हणून पाच-सहा इंच उंचीच्या ड्रॉवरलाही तीच लावली तर मधे चिंचोळी फट उरते. उथळ ड्रॉवर साधे सपाट ठेवावेत आणि चौकट खालच्या खोल ड्रॉवरला द्यावी.

स्वयंपाकघराचे नियम वेगळे आहेत. आपल्या फोडणीचं तेल वाफेबरोबर उडतं आणि पट्टीच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसतं, त्यावर पीठ आणि धूळ चिकटते. शेगडीजवळ दाट नक्षीची पट्टी लावणं म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी वाट्याला जन्मभराची घासाघीस ठेवणं. तिथे वरचा काठ उतरता असलेली, फडक्याच्या एका हाताने पुसली जाणारी पट्टी हवी. थर्मोकोलच्याच जातीच्या पॉलिस्टायरीनच्या आणि पीव्हीसीच्या पट्ट्या उष्णतेने मऊ पडतात, त्या शेगडीच्या आसपास नकोतच. भिंतीवरच्या कपाटांच्या तळाला दीड इंचाची उभी पट्टी मात्र जरूर द्यावी. तिच्यामागे एलईडीची पट्टी लपते आणि उजेड डोळ्यांत न जाता ओट्यावर पडतो.

तळाच्या पट्टीबद्दल या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तळमजल्यावर राहणाऱ्याने कपाटाचा तळ ठरवताना हे दिवस आठवावेत. कपाट शंभर मिलिमीटर उंचीच्या प्लास्टिकच्या पायांवर उभं करावं आणि पुढची स्कर्टिंग क्लिपने अडकवावी, म्हणजे ती काढून खालची जागा धुता आणि वाळवता येते. स्कर्टिंग पीव्हीसीची, डब्ल्यूपीसीची किंवा फरशीला जुळणाऱ्या दगडाची असावी. एमडीएफची स्कर्टिंग रोजच्या पोछ्यानेच फुगते, मग पुराची गोष्टच नको. वरच्या मजल्यावरही हा नियम पाळावा. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीची ओल मजला पाहून येत नाही.

मालाची निवड हा पुस्तकातला सर्वांत मोठा भाग आहे. इथे फक्त त्याची दिशा सांगतो. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि आपला पावसाळा तो सोसतो, पण त्याच झाडाच्या पांढऱ्या लाकडाला ते संरक्षण नसतं. पट्टी घेताना पांढरा भाग किती आहे ते पाहावं. स्टीम बीच एकसारख्या रेषेचं, राऊटरखाली स्वच्छ कापलं जाणारं आणि पॉलिशला छान लाकूड आहे, म्हणून तयार पट्ट्यांत तेच जास्त दिसतं. मात्र ओल आणि वाळवी दोन्ही त्याला मानवत नाहीत; ते दिवाणखान्यात, कोरड्या भिंतीवर वापरावं. पाइन स्वस्त आणि हलकं, पण प्रक्रिया केलेलं नसेल तर त्याची गत तीच. रंग द्यायचा असेल तर एमडीएफची पट्टी सर्वांत गुळगुळीत होते. तिची कापलेली तोंडं सीलरने आधी बंद करावी लागतात, कारण पाणी तिथूनच शिरतं. पीव्हीसीला पाण्याचं भय नाही, पण उन्हाच्या भिंतीवर ती लांबते, म्हणून सांध्यात किंचित जागा सोडावी लागते. कोणताच माल सगळ्या घराला पुरा पडत नाही. एकाच घरात दिवाणखान्यात सागवान, मुलांच्या खोलीत रंगवलेली एमडीएफ आणि स्वयंपाकघराच्या तळाला पीव्हीसी असं असावं. फक्त आकारांचं घराणं एक ठेवावं, म्हणजे घर तुकड्या-तुकड्यांचं दिसत नाही.

पावसाळा हा कोकणपट्टीतल्या लाकडाचा खरा परीक्षक. लाकूड हवेतला दमटपणा घेतं तेव्हा रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून उभ्या पट्टीला फारसं काही होत नाही आणि रुंद फळी मात्र ताणली जाते. जुन्या सुतारांनी यावर तोडगा काढला तो चौकट आणि दिल्ह्याचा. दिल्हा, म्हणजे मधली फळी, चौकटीच्या खाचेत सुटा बसतो, त्याला फेविकॉल लावत नाहीत. आतून धरून ठेवणारी बीडिंग फक्त चौकटीला ठोकतात. दिल्हा पावसात फुगतो, उन्हाळ्यात आवळतो आणि बीडिंगच्या आडोशाला ही हालचाल कुणाला दिसत नाही. घाईत बीडिंगची पिन दिल्ह्यात गेली की पुढच्या एप्रिलमध्ये दिल्हा मधोमध चिरतो. अस्सल लाकडाच्या दारांसाठी हा नियम कधीच मोडू नये. प्लाय आणि एमडीएफच्या दारांना ही हालचाल फार कमी असते, तिथे पट्टी वरून चिकटवली तरी चालते. मात्र सनमायका दाराच्या दोन्ही अंगांना लावावा, नाहीतर दार एका बाजूला वाकतं आणि सरळ पट्टीसुद्धा तिरकी दिसू लागते. पट्टी कोणतीही असो, ती बसवायच्या आधी काही दिवस त्याच खोलीत उघडी ठेवावी, म्हणजे तिथल्या हवेशी तिचं जुळतं.

कारागिरी दिसते ती कोपऱ्यात. पंचेचाळीसचे दोन काप जुळले की काटकोन होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण भिंतींचा कोपरा नव्वद अंशांचा असतोच असं नाही. आधी कोपरा मोजावा, त्याचे दोन समान भाग करावेत आणि त्या मापाने काप घ्यावा. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात तर एक पट्टी सरळ भिंतीला टेकवून दुसरीचं तोंड पहिलीच्या आकारानुसार कोरून बसवणं अधिक टिकाऊ असतं, कारण लाकूड आवळलं तरी तिथे फट उघडत नाही. लांब भिंतीवर दोन तुकडे जोडायचे असतील तर सरळ न जोडता तिरपा काप देऊन एकावर एक चढवावेत. कॉर्निसच्या मागे तिकोनी लाकडी ठोकळे द्यावेत; नुसत्या पिनांवर ती फार दिवस तग धरत नाही. पॉलिश किंवा रंगाचे पहिले हात पट्टी बसवण्याआधी द्यावेत, म्हणजे खाचांत कागद नीट फिरतो आणि सनमायक्यावर डाग पडत नाहीत. पिनांची भोकं भरून शेवटचा हात तेवढा जागेवर द्यावा.

मोजमाप आणि मजुरी यांच्याबद्दल मला थोडं जोर देऊन बोलायचं आहे. पट्टी रनिंग फुटावर मिळते आणि तिचा हिशेब घरी बसून करता येतो. सहा फूट रुंद, सात फूट उंच, तीन दारांचं कपाट घ्या. प्रत्येक दार दोन फुटांचं. कडेपासून तीन इंच आत चौकट घेतली तर ती दीड फूट बाय साडेसहा फुटांची होते आणि तिचा परीघ सोळा फूट. तीन दारांचे अठ्ठेचाळीस फूट. कोपऱ्यांचे काप आणि वाया जाणारे तुकडे धरून पंधरा टक्के जादा, म्हणजे साधारण पंचावन्न फूट. माथ्याची कॉर्निस समोरचे सहा आणि एका उघड्या बाजूचे दोन फूट, ती दहा फूट घ्यावी. हा सगळा माल एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातून घ्यावा. दुसऱ्या खेपेला आणलेली पट्टी अर्ध्या मिलिमीटरने जरी वेगळी निघाली तरी कोपरा जुळत नाही.

कपाटाची मजुरी आपल्याकडे सहसा दर्शनी चौरस फुटावर ठरते. पट्टीच्या कामाला या हिशेबात जागाच नाही. वरच्या उदाहरणातल्या तीन चौकटींना बारा कोपरे आहेत, म्हणजे चोवीस अचूक काप, आणि ते कुणी मोजत नाही. सुतार मग ते काम दिवसाच्या शेवटी, घाईत उरकतो आणि फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवतो. दोष त्याच्या हाताला देऊन भागणार नाही. पट्टीच्या कामाचा दर रनिंग फुटाप्रमाणे वेगळा ठरवावा, कामाच्या आधी ठरवावा आणि कागदावर लिहावा. पट्टी आधी ठरवायला हवी म्हणतो त्यात हेही आलं. चांगल्या कामाला वेळ लागतो, त्या वेळेची किंमत घराने द्यायची असते, आणि ती मिळाली की बहुतेक कारागीर आपला उत्तम हात पुढे करतात.

पुस्तकाची रचना कामाच्या क्रमाने आहे. पहिल्या भागात खोली मोजायची: उंची, बीम, खिडकीची दिशा, रात्रीचा दिवा, ओलीच्या भिंती. दुसऱ्या भागात आकार निवडायचा आणि कपाटाच्या चित्रावर माथा, दार, कड आणि तळ या चार जागी खऱ्या मापात काढायचा. तिसऱ्या भागात माल, चौथ्यात काप आणि सांधे, पाचव्यात पॉलिश, रंग आणि पुढची निगा. ज्यांची कपाटं आधीच उभी आहेत त्यांच्यासाठी शेवटचं प्रकरण आहे. जुन्या सपाट दारांना पट्टी लावून नवं रूप देता येतं, पण बिजागऱ्यांना वाढलेलं वजन पेलेल का, जुन्या सनमायक्यावर चिकट धरेल का आणि शेजारची दारं उघडतील का, हे तिन्ही आधी तपासावं लागतं.

वाचकाकडे एक मागणं आहे. कोणतीही पट्टी पक्की करण्याआधी तिचा फूटभर तुकडा घरी आणावा, जिथे लागणार तिथे चिकटपट्टीने लावावा आणि सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहावा. हाताने पुसून पाहावा. घरात जे रोज पुसणार आहेत त्यांना विचारावं, आणि ज्यांचे डोळे अधू झाले आहेत अशा वडीलधाऱ्यांना दुरून दाखवावा. दुकानातल्या झगमगाटात भारदस्त वाटलेली सोनेरी रेघ घरात खटकते आणि साधी, उतरत्या काठाची सागवानी पट्टी शांतपणे जागा धरते, हे त्यातून कळतं. कधी उलटही घडतं. साध्या घराला एकच ठसठशीत कॉर्निस उभारी देऊन जाते. निर्णय घराने द्यावा, कॅटलॉगने नाही.

पट्टीसारख्या लहान गोष्टीवर एवढं लिहायचं का, असं कुणाला वाटेल. सामान्य कुटुंब आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर सजवतं. त्यासाठी कर्ज काढलेलं असतं, दागिने मोडलेले असतात, लोकलच्या गर्दीत उभं राहून कमावलेला पैसा त्यात ओतलेला असतो. त्या पैशाचं काम नेटकं, टिकाऊ आणि देखणं व्हावं हा त्या कुटुंबाचा हक्क आहे. फूटपट्टीने मोजता येईल एवढ्या लाकडाच्या रेघेवर तो हक्क पुष्कळदा घसरतो आणि थोड्या आधीच्या विचाराने तो राखता येतो. म्हणून घरमालकाने आणि सुताराने प्लायची पहिली शीट कापण्यापूर्वी तासभर एकत्र बसावं, कपाटाचं चित्र समोर ठेवावं आणि त्यावर पट्टीचा आकार, माल, माप आणि दर या चारही गोष्टी लिहून मगच करवत हातात घ्यावी.